माईकवर आलेलं नाव

हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, नाडी लागेनाशी होईपर्यंत फुगवायचा, आणि तशाच हातानं उभं राहून पेशंटची हकीकत सांगायची. ही शिक्षा आमच्या मॅडमनी स्वतः शोधून काढली होती. आमच्या रक्तविकार विभागात तिच्यातून सुटलेला एकही रेसिडेंट मला माहीत नाही. गुन्हा ठरलेला असायचा. सिकलसेलचा एखादा पेशंट कॉटवर तळमळत असायचा आणि आमच्यातलं कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, तो जरा जास्तच करतोय."

"असं? ये इकडं."

माझी पाळी विभागात आल्या आल्याच आली. "सांग हिस्ट्री. सावकाश सांग, मला घाई नाही." आधी बोटांना मुंग्या आल्या. मग हात जड झाला. मग तो आतून, हाडातून दुखायला लागला आणि मी चुळबुळ करू लागलो.

"नाटक करू नकोस," मॅडम म्हणाल्या. "तुझं रक्त आत्ता अडलंय. त्याचं परवापासून अडलंय."

सगळ्या वॉर्डासमोर. नर्स, वॉर्डबॉय, पेशंटचे नातेवाईक, सगळे बघत होते. सुटका झाल्यावर मी जिन्यात जाऊन भिंतीला लाथ घातली. ती पद्धत चूक होती असं मला आजही वाटतं. आज कुणी तसं केलं तर तक्रार होईल, आणि व्हायलाच हवी. पण त्या दिवसानंतर मी दुखणाऱ्या माणसाला कधी नाटकी म्हटलेलं नाही, आणि हे श्रेय मॅडमना द्यावं लागतं याचाही मला रागच येतो.

मॅडम अंगानं ठेंगण्या, रुंद. सुती साडी, पायात पुरुषी चपला, आणि अ‍ॅप्रनच्या खिशांवर कायमचे तपकिरी डाग. ते डाग चिकूचे. डहाणूच्या किनाऱ्याकडे त्यांच्या माहेरची चिकूची वाडी होती. हंगामात त्या खिसे भरून चिकू आणत आणि राउंड चालू असतानाच कुणाच्याही हातात ठेवत. "नखानं खरवड. खाली हिरवं दिसलं की कच्चा. हे चिकूचं झालं. माणूस असा नखानं कळत नाही, त्याला विचारावं लागतं." हे वाक्य आम्ही इतकं ऐकलं होतं की मॅडमची पाठ वळली की एकमेकांना नखं दाखवायचो.

कागदावर नुसतं 'अ‍ॅनिमिया' लिहिलेलं दिसलं की त्या भडकत. कागदाचा बोळा करून तो लिहिणाऱ्याच्याच खिशात कोंबत. "हे निदान आहे? माणूस सांगायला आला की घराला आग लागलीय, आणि तू 'धूर' असं लिहून त्याला परत पाठवलास!" वर लोहाच्या गोळ्या लिहिलेल्या असल्या तर मग विचारूच नका.

एकदा मी एका पेशंटच्या कागदावर 'औषध नियमित घेत नाही' असा शेरा मारला. मॅडमनी मला दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी पाठवलं. गाडीनं नाही. "तो जसा येतो तसा जा." डहाणू रोडला उतरून एसटीनं कासा, कासाहून माणसांनी खचाखच भरलेली जीप, आणि जीप सोडल्यावर चढावाची पायवाट. पाड्यावर पोचलो तर तो माणूस मजुरीला गेलेला. त्याच्या बायकोनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "गोळ्या आणल्यास?" आमचा औषधविभाग त्याला एका वेळी एका आठवड्याच्याच गोळ्या देत होता. नियम तसा होता. एका आठवड्याच्या गोळ्यांसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून मुंबईला या, असा तो नियम. मी परत आलो तेव्हा मॅडमनी एवढंच विचारलं, "आता कोण नियमित नाही?" आणि मला घेऊन त्या औषधविभागात भांडायला गेल्या. त्या भांडणात त्यांनी काउंटरवर मूठ आपटली आणि स्वतःचं घड्याळ फोडून घेतलं. नियम मात्र फुटला नाही.

हा राग कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. डहाणू आणि तलासरीच्या मधल्या एका गावात, एका संस्थेच्या दवाखान्यात आम्ही दर महिन्याला ओपीडी चालवायचो. जेवायला बसलो असताना कुणीतरी विचारलं, मॅडम, तुमची वाडी इथून जवळच ना? भाऊ जेवायला बोलावत नाहीत का?

"भाऊ माझ्याशी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या वाडीवर पाड्यातल्या बाया कामाला यायच्या. त्यातली एक मधूनच झाडाखाली बसायची. गुडघे धरून. आमचे वडील, बापू, जमिनीवर काठी आपटायचे. आळशी जात, म्हणायचे. मी लहान होते, मीही तसंच म्हणायचे. पुढं शिकले, मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा ती विळ्यासारखी पेशी पाहिली आणि मला ती बाई दिसली. तोवर ती मेली होती. भावाच्या वास्तुशांतीला सगळे बापूंच्या आठवणी काढत होते. मी हीच काढली."

एवढं बोलून त्यांनी डबा झाकला आणि आमच्यावर ओरडल्या, "बाहेर पेशंट आहेत, तुम्ही गोष्टी कसल्या ऐकताय?"

पुढचं कळण्यासाठी त्या विळ्यासारख्या पेशीबद्दल थोडं सांगायला हवं. तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. सिकलसेलमध्ये त्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. आई आणि बाप, दोघांकडून हा दोष आला तरच मूल आजारी होतं. एकाकडूनच आला तर ते नुसतं वाहक. वाहक माणूस धडधाकट असतो, त्याला औषध लागत नाही. त्यानं एवढंच पाहायचं की जोडीदारही वाहक नाही ना. इतकी साधी गोष्ट. पण ती माणसाला समोर बसवून, दार लावून सांगायची असते.

२०१४ मध्ये पालघर जिल्हा नवा झाला. नव्या जिल्ह्याला काहीतरी करून दाखवायची घाई असते. एका अधिकाऱ्यांनी मॅडमना गाठून तलासरीकडच्या पाड्यांमध्ये मोठी रक्ततपासणी करायचं ठरवलं. मॅडमनी एकच अट घातली होती. निकाल ज्याचा त्याला, घरी जाऊन किंवा दवाखान्यात, एकट्याला सांगायचा. अधिकारी म्हणाले, अर्थात.

रक्त आम्ही घेतलं, मुंबईत तपासलं, निकाल पाठवले. आणि थंडीतल्या एका सकाळी आश्रमशाळेच्या मैदानावर कार्डवाटपाचा कार्यक्रम आहे असा निरोप आला. मॅडम विद्यापीठाच्या परीक्षेत अडकल्या होत्या, म्हणून मी गेलो. मला वाटलं, एखादी खोली असेल. तिथं मांडव होता. पाहुण्यांच्या सोफ्यावर टॉवेल अंथरलेले, पुढे मिनरल पाण्याच्या बाटल्या, आणि स्टेजवरून एक सूत्रसंचालक माईकवर एकेक नाव पुकारत होता. नावाआधी म्हणत होता, "सिकलसेलचे रुग्ण..." वाहकांनाही रुग्णच म्हणत होता. नाव आलं की माणसानं वर यायचं, पुढाऱ्याच्या हातून कार्ड घ्यायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं आणि उतरायचं.

मी धावत त्या अधिकाऱ्यांकडे गेलो. "साहेब, हे थांबवा. असं ठरलं नव्हतं."

"डॉक्टर, घरोघर कोण फिरणार? साहेबांना पुढं दोन कार्यक्रम आहेत. आणि स्टेजवर आलं की लोकांनाही बरं वाटतं हो."

मी मॅडमना फोन लावला. पलीकडून त्यांना लाउडस्पीकर ऐकू येतच असणार, कारण मी पुरतं सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "वायर उपट."

"मॅडम?"

"माईकची वायर उपट. मग बघू."

मी उपटली. क्षणभर मैदान गप्प झालं. मग मांडववाल्यानं ती परत खोचली, आणि दोन कार्यकर्त्यांनी मला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागं नेऊन उभं केलं. तिथूनच मी पुढची नावं ऐकली.

त्यातलं एक नाव एका मुलीचं होतं. तिचं खरं नाव मी लिहिणार नाही, इथं तिला रमिला म्हणू. ती याच शाळेत शिकलेली, आता डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला जायची. धावण्याच्या शर्यतीचं बक्षीस तिनं याच मैदानावर घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. कदाचित म्हणूनच नाव आल्यावर ती हसत वर गेली. कार्ड छातीशी धरून फोटोला उभी राहिली. ती वाहक होती. म्हणजे ठणठणीत.

तिचं लग्न ठरलेलं होतं. पुढचा आठवडी बाजार भरायच्या आत ते मोडलं.

मॅडम परीक्षा संपताच आल्या. रमिलाच्या आईला भेटल्या, आणि तिथून आम्ही थेट मुलाकडच्या पाड्यावर गेलो. मुलाचा बाप अंगणात बसला होता. त्यानं मॅडमना बसायला बाजलं दिलं. तिथली म्हातारी माणसं सगळ्यांना 'तू' म्हणतात. मॅडमना ते आवडायचं, आम्हालाच ओशाळं व्हायचं.

"पोरीला रोग नाही," मॅडम म्हणाल्या. "तिला काही होणार नाही. तुमच्या मुलाचं रक्त द्या मला, आत्ता दाखवते."

मुलानं कुणी सांगायच्या आधीच हात पुढं केला. बोटातून थेंब काढून मॅडमनी तो औषधाच्या बाटलीत टाकला, हलवला, आणि थोड्या वेळानं बाटली एका रेघारेघांच्या कागदासमोर धरली. "बाटलीतून मागच्या रेघा दिसतात?"

"दिसत्यात."

"म्हणजे हा मोकळा. गढूळ झालं असतं तर दिसल्या नसत्या. याची आणि तिची पोरं आजारी होणार नाहीत. एकही नाही. मी लिहून देते."

म्हाताऱ्यानं बाटली हातात घेऊन उन्हात धरली, दोनदा फिरवली, परत दिली. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"बाय, तू सांगते तां खरां असंल. पन पाडा काय बाटलीतून बघनार हाय? पोरीचं नाव माईकवर आलं. मग तूपन माईक आन ना."

मॅडमनी त्या अधिकाऱ्यांना फोन केला. त्याच मैदानावर, त्याच माईकवर मला बोलायचंय. ते म्हणाले, असा काही कार्यक्रम बसत नाही. मॅडमनी फोन कापला आणि मला म्हणाल्या, "कासाला मांडववाला आहे ना?"

तलासरीच्या बाजाराच्या दिवशी, सुक्या मासळीच्या आणि बांगड्यांच्या ओळींच्या मधोमध, एका टेम्पोवर भाड्याचे दोन भोंगे बांधून आमच्या विभागाच्या प्राध्यापक उभ्या राहिल्या. मी टेम्पोखाली. मी सांगून पाहिलं होतं, मॅडम, असं करू नका. त्यांनी ऐकलं असतं तर त्या मॅडम कसल्या! "वाहक म्हणजे रोगी नाही!" त्या ओरडत होत्या. "ज्यानं तुम्हाला रोगी म्हटलं तो गाढव आहे! हे रक्त वाडवडलांकडून आलंय, यात कुणाचा दोष नाही!" गर्दी जमली. एक माणूस मला विचारत होता, औषध केवढ्याला आहे. दुसरा मोबाइलवर चित्रण करत होता. मॅडमनी रमिलाचं नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजच नव्हती. ज्या बायका ऐकत होत्या त्या एकमेकींच्या कानाला लागून तेच नाव घेत होत्या.

मग गर्दीतून रमिलाच पुढं आली. कारखान्याला सुट्टी होती. टेम्पोच्या फळीला हात टेकून ती खालूनच बोलली. शिकलेली मुलगी, तिनं मॅडमना 'तुम्ही' म्हटलं.

"उतरा खाली."

मॅडमनी माईक बाजूला केला. "अगं, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी नको. आधी तुम्ही माझं रक्त नेलं. मग त्यांनी माझं नाव नेलं. आता तुम्ही बाजार भरवला. अजून काय न्यायचंय? मी सांगितलं होतं का, माझ्यासाठी ओरडा म्हणून?"

"नाही."

"मग गप बसा, बाय. मला सोडा."

मॅडमनी माईक बंद केला आणि त्या टेम्पोवरून उतरल्या. उतरताना साडी फळीत अडकून फाटली, त्यांनी तिकडं बघितलंही नाही. मला त्यांचा विलक्षण राग आला होता. पट्टा बांधला तेव्हा आला नव्हता इतका. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि तेच त्यांनी धोंड्यासारखं भिरकावलं होतं.

ते चित्रण मुंबईत पोचलं. डीनसाहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं. मी दाराबाहेर होतो, आवाज बाहेर येत होता.

"तुम्ही प्राध्यापक आहात. बाजारात भाषणं करता?"

"स्टेजवर नावं वाचली, तो काय देव्हारा होता? तिथं तुम्ही अभिनंदनाचं पत्र पाठवलंत!"

मॅडमना कारणे दाखवा नोटीस मिळाली. सूत्रसंचालकाला, पुढाऱ्याला, अधिकाऱ्याला काही मिळालं नाही. नाही, चुकलो. अधिकाऱ्यांना बढती मिळाली.

त्यानंतर मॅडम बदलल्या असं म्हणणार नाही. राउंडला त्या तशाच गरजायच्या. पण तपासणीसाठी एकही नमुना त्या आधी घेईनात. आधी खोली दाखवा, म्हणायच्या. दार आहे का? कडी लागते का? कडी नसलेल्या शाळेतून आम्ही सगळं सामान घेऊन दोनदा परत आलो. निकाल सांगताना त्या मलाही बाहेर काढत. "तू कोण तिचा?" मी दाराबाहेर उभा राहून चिडायचो. मी डॉक्टर होतो, लेक्चरर झालो होतो, आणि दरवानासारखा उभा होतो.

रमिलाचं काय झालं, ते आम्ही विचारलं नाही. तिनंच सोडा म्हटलं होतं. घरच्यांनी तिला लांब दिली, गुजरातच्या हद्दीपलीकडं, जिथं त्या माईकचा आवाज पोचला नव्हता. हे आम्हाला पुढं कळलं, जेव्हा ती स्वतः आली तेव्हा. ते २०१८, आमच्या महिन्याच्या ओपीडीत. मूल कडेवर होतं. वर्षाचं असेल. त्याचे दोन्ही हात आणि पावलं सुजून फुग्यासारखी झाली होती आणि ते रडून रडून थकलं होतं. रक्तविकाराच्या डॉक्टरला त्या हातांकडं बघून तपासणीची वाट पाहावी लागत नाही.

त्या दिवशी मॅडमनी मला आत थांबू दिलं. रमिलाच म्हणाली, हे असू देत, यांनी वायर काढली होती.

"नवऱ्याचं रक्त कुणी बघितलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"कसं बघणार? माझं सांगावं लागलं असतं. पोटुशी असताना मी तुमच्या दवाखान्यावरून मान खाली घालून गेले." तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "तो पहिला. त्याचं बाटलीत मोकळं निघालं होतं ना?"

"हो."

"त्याच्याशी झालं असतं तर पोर असं नसतं झालं."

मला वाटलं, मॅडम काहीतरी समजुतीचं बोलतील. सगळेच डॉक्टर बोलतात. मॅडम म्हणाल्या, "नसतं झालं."

रमिलानं मुलाला छातीशी घट्ट धरलं. "हेच नसतं झालं मग," ती म्हणाली, आणि एकदम तिचा आवाज चढला. "तुमचा राग दिसतोय मला, बाय. तोंडावर दिसतोय. तो तुमच्याकडं ठेवा. याला दुखलं की मी काय करायचं, ते सांगा."

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. पाणी किती पाजायचं, गरम कपड्यानं शेकायचं कसं, थंडीत हातपाय कसे झाकायचे. पोट फुगलं किंवा मूल पांढरंफटक पडलं तर एक क्षण थांबायचं नाही. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, दुसऱ्या दिवशी नाही. तिच्याकडून परत वदवून घेतलं. चुकलं तिथं पुन्हा सांगितलं, आवाज न चढवता. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो मांडव होता आणि सोफ्यावरचे ते टॉवेल.

ती गेल्यावर बाकीचे पेशंट आटपून आम्ही निघालो. गाडीत मीच बोलत होतो. कोर्टात जाऊ, पेपरात देऊ, त्या अधिकाऱ्याला सोडायचं नाही. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. चारोटी नाका ओलांडला आणि त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारला.

"गाडी वळव. ताप आला तर ये म्हणाले. ताप मोजायला तिच्याकडं काय आहे?"

नाक्यावर हद्दीकडं जाणारी जीप भरत होती. रमिला मागच्या बाकावर, दोन बायकांच्या मध्ये, मूल मांडीवर झोपलेलं. मॅडम हायवे ओलांडून गेल्या. मी मागं होतो. त्यांनी हाक मारली नाही. जीपच्या मागच्या फळीपाशी जाऊन, पिशवीतून आपलं थर्मामीटर काढून, काही न बोलता तिच्या हातात ठेवलं. रमिलानं ते ओच्यात लपवलं. दोघींनी एकमेकींकडं पाहिलंसुद्धा नाही.

शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण गं ती?"

"काय माहीत," रमिला म्हणाली. "मी नाय ओळखत."

जीप सुटली. मॅडम धुळीत उभ्या होत्या. "शहाणी आहे," त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडं वळून खेकसल्या, "रस्त्याच्या मधे काय उभा राहिलास? मरायचंय का?"